तोंड आणि शेपूट

मांडवीच्या काठी, पणजीतल्या जुन्या मेडिकल कॉलेजच्या इमारतीत
परिषद आहे तीन दिवसांची.
ज्या खोलीत कुणी हाडांची नावं घोकली असतील
तिथे भिंतीवर प्रोजेक्टरचं निळं पाणी हलतंय.
माझं नाव माझ्या गळ्यात.
नावामागे जेवणाची कुपनं.

मला पंधरा मिनिटं.
विषय: काणकोण तालुक्यातली नागीण आणि तिचे उपचारक.
मी वाचते, ‘संवादक क्रमांक चार, स्त्री, वय अंदाजे सत्तर’,
आणि दर वेळी तिचं नाव गिळताना
घशात पेडव्याचा काटा.

नाव बदलणार म्हटल्यावर ती हसली नव्हती.
“म्हजें नांव कित्याक बदलता? हांवें चोरी केल्या काय?”
मी नैतिकता समितीबद्दल बोलले, बराच वेळ.
ती सुपातले खडे वेचत राहिली.
मग संमतीपत्रावर अंगठा उठवला
आणि उरलेली शाई चुलीच्या दगडाला पुसली.

पेपरात नाही ते असं:
त्या मार्गशीर्षात माझ्याच डाव्या बरगडीखाली फोड उठले.
मडगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दिवसाला पाच.
घेतल्या, न चुकता.
आणि तिन्हीसांजेला तिच्या ओट्यावर
सदरा वर करून बसले, तेही न चुकता.
ती सहाणेवर काव उगाळायची,
थंड बोटानं रेघ ओढायची फोडांच्या पुढे,
पाटाच्या पाण्याला बांध घालावा तशी.
काय पुटपुटायची ते रेकॉर्डरला कळलं नाही,
शेजारचा कुत्रा भुंकत होता.
मला एवढंच सांगायची:
तोंड आनी शेंपडी जुळूंक दिवची न्हय.
वेढा पुरा झाला
की झालं.

अध्यक्षांनी चिठ्ठी वर धरली: दोन मिनिटं.
मी सहा परिच्छेद ओलांडून निष्कर्षावर आले.
मग बांबोळीचे एक डॉक्टर उठले,
सभ्य, पिकल्या मिशांचे:
“ते सगळं ठीक. पण माणूस बरा कशानं होतो?”
मी म्हटलं, हा प्रश्न माझ्या विद्याशाखेच्या कक्षेबाहेरचा आहे.
टाळ्या पडल्या.
बरगडी गप्प.

चहाच्या वेळी माइक सांभाळणारा इनास
जिन्याआड थांबला होता.
शर्ट वर केला.
कण्यापासून निघालेले, ओळीनं, लालबुंद,
कालच उठलेले.
“मॅडम, ती आजी खंय रावता?”

मी म्हटलं, आधी डॉक्टर. आज. आत्ता.
पहिले बहात्तर तास महत्त्वाचे असतात.
ते बघ, ते मिशांवाले, बिस्किट बुडवतायत, त्यांनाच दाखव.
“वतां,” तो म्हणाला. “वतांच.
पूण ती खंय रावता?”

संमतीपत्र, कलम सहा: ओळख उघड केली जाणार नाही.
खाली माझी सही. शेजारी तिचा अंगठा.

हातात होते पेपरचे कागद.
शेवटचं पान फाडलं, उलटं केलं, लिहिलं:
मडगावहून काणकोणची बस,
तिथून खोतीगावची,
उतरलास की फणसाखालचं घर विचार.
शेवंती वेळीप.
मग मोठ्यानं म्हणूनही दाखवलं,
त्याला अक्षर लागेल न लागेल म्हणून.
शेवंती. शेवंती वेळीप.
जिन्यावरून उतरणाऱ्या दोन प्राध्यापकांनी वळून पाहिलं.

इनासनं कागदाची चार वेळा घडी घातली,
खिशात ठेवली
आणि मिशांकडे गेला, शर्ट खोचत.
पुढच्या सत्राला माइक दुसऱ्याच कुणीतरी तपासला.

आता संपादकांची पत्रं येतात:
आपल्या लेखाचा निष्कर्ष मिळालेला नाही.
पाठवते म्हणते.
थंडीत बरगडी अजून ठणकते कधीकधी,
डाग फिके झालेत,
जिथे ते थांबले तिथून बेंबीपर्यंत
चार बोटं
कोरी कातडी.