तिसरा दात

गांधीबागेच्या वळणावर, कापडदुकानाच्या पायरीखाली
माझी पेटी एकेचाळीस वर्षं.
हबीब उस्तादांनी पहिलं वर्ष नुसती कानस धरायला लावली,
किल्लीला हात नाही.
"पितळ तर कोणीही घासते, शालिक,
थांबता आलं पाहिजे."

मे महिन्यात इथे कोऱ्या किल्ल्या हाती धरवत नाहीत.
ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतो, पालकाच्या जुडीसारख्या.
भुगा नखांत बसतो तो बसतोच;
मुलीच्या हळदीतही माझी बोटं वेगळी दिसली.

साबणावर ठसा घेऊन येणारे येतात.
त्यांना चहा पाजतो, परत पाठवतो.
एकदा ठाणेदारानं रात्री दोनला उठवून नेलं.
दार उघडल्यावर आत काय होतं
ते बायकोलाही सांगितलं नाही.
मजुरी अजून यायची आहे.

आता अंगठ्यानं उघडणारी दारं आलीत.
पोरगा म्हणाला, बाबा, मशीन घ्या, दोन मिनिटांत किल्ली.
घेतली.

परवा एक जण आला, हेल्मेट काखेत,
अजनीच्या रेल्वे क्वार्टरातला, बोरकुटे.
खिशातून किल्ली काढली,
झिजून मासोळीच्या काट्यासारखी.
मी ओळखलं. त्याला नाही, किल्लीला.
तिसरा दात केसभर जास्त खोल.
माझाच. सत्त्याऐंशी सालचा,
उस्ताद गेले त्या आठवड्यातला.

"हे चुकलं होतं माझं," म्हटलं, "नीट करून देतो."
"नको काका. थोडी वर उचलून फिरवा लागते न ते,
आईच्या हाताले तेच ठाऊक आहे.
डोळे गेले तिचे.
होती तशीच द्या."

मशीनवर फडकं तसंच राहू दिलं.
तिनं झीजही उतरवली असती.

दीड तास लागला.
हाताला बरोबर कापायची खोड,
आणि चूक हवी तेवढीच, त्याच जागी, केसभर.
तीन किल्ल्या वाया गेल्या.
चौथीला थांबलो.

तो बिचारा तेवढा वेळ पायरीवर बसून होता,
उन्हात, तर्री-पोह्याची प्लेट मांडीवर,
मधेच एकदा म्हणाला, "काऊन, जमत नाही का?"
मी उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी त्याचा फोन आला.
बोलला काहीच नाही, फोन नुसता दाराजवळ धरला.
कडी वाजली. मग लांबून बाईचा आवाज:
"उचला लागते का रे?"
"लागते, आई."