टोक आत

डबी उघडली की बडीशेपेचा वास येतो, मिठाचा,
आणि आणखी कशाचा तरी, जो मला चाळीस वर्षांत ओळखता आला नाही.
ऑर्विल म्हणतो, माशाला कळतो, तुला कळून काय करायचंय?

पहाटेचे साडेचार. कालच्या वादळानं
गंटर्सव्हिलचं पाणी शिळ्या कॉफीसारखं झालंय.
"मग जांभळं," तो म्हणतो. "काळ्याकडे झुकणारं.
गढुळात गडद. नितळ असतं तर कलिंगडाच्या सालीचं दिलं असतं,
काळ्या ठिपक्यांचं."
आणि हे गुलाबी?
"ते माणसांसाठी. दुकानातही गळ टाकलेले असतात, नेल्डा."

रबरी गांडूळ, सात इंची, सरळ शेपटाचं.
माझ्या तळहातावर ते नुसतं पडून राहतं,
गार, जरा चिकट.

गेल्या वसंतापर्यंत हे सगळं तो अंधारात करायचा,
तंगूस दातात, नजर पाण्यावर.
आता हात थरथरतात.
डॉक्टरीणबाईंनी त्याला एक लांबलचक नाव दिलंय.
ते आम्ही बोटीवर आणत नाही.

म्हणून मी ओवते आणि तो बघतो.
बघतो म्हणजे चुका काढतो.
शिशाची गोळी आधी. निमुळतं तोंड वर, वर गं.
गाठीला थुंकी लाव, कोरडी ओढलीस तर तंगूस जळतं.
आता गळ. डोक्यात खुपस, अर्ध्या नखाएवढा,
बाजूनं काढ, सरकव वर, मान बसेपर्यंत.
फिरव.
आता घाई नको. लटकू दे शेजारी, माप घे,
गळाचा बाक जिथं येतो तिथंच, केसभरही इकडेतिकडे नाही,
पुन्हा आत.
वाकडं बसलं तर पाण्यात गिरक्या घेतं,
तंगुसाला पीळ पडतो, आणि मासा घरी जाऊन सांगतो.

तीस वर्षं मी शाळेची बस चालवली,
चिखलात, उलटी, अठ्ठावन्न पोरांसकट.
हे तिसऱ्या खेपेला जमलं.
टोक कातडीच्या जरासं आत.
बोट फिरवलं तर लागू नये, दाबलं तर कळावं.
शेवाळात अडकत नाही मग. बुंध्यांतूनही निघून येतं.
"हां," तो म्हणाला. एवढंच.

इथं खाली जुना रस्ता आहे, धरणाआधीचा.
आजोबा कापसाचे गठ्ठे त्यावरून न्यायचे.
आता बास उभे राहतात त्याच्या कडेला,
थांब्यावर माझी वाट बघायची पोरं, तसे,
दप्तरं नाहीत एवढंच.

दोघांनी टाकले. दोन्ही तळाला गेले.
माझी काठी स्थिर. माझं गांडूळ
खाली एखाद्या काटकीसारखं पडलेलं असणार.
त्याची काठी त्याच्या हातात बारीक, सारखी, न थांबता,
आणि ते तंगुसातून उतरत होतं खाली,
वीस फूट, काळोखात, शेपटापर्यंत.

टक.
टक.
मग तंगूस हळूच बाजूला चालू लागलं.
मी ओरडले, हाण! त्यानं हाणली,
उशिरा, किंवा हलकी, कोण जाणे.
वर आलं ते डोकं फाटलेलं गांडूळ.
पुढच्या तासात त्याला आणखी तीनदा टकटक,
त्यातला एक बोटीत आला, चार पौंडांचा, रागावलेला,
जबडा धरून त्यानं तो परत सोडला.
मला काहीच नाही.
"तुझं मेलंय," तो म्हणाला.
मी मनगट मुद्दाम हलवून पाहिलं.
तसं येत नाही.

फाटकी पाण्यात टाकायची नाहीत, डब्यात.
हा नियम त्याचा, आणि डबाही त्याचाच.
झाकण लावताना पत्र्याच्या काठावर ते वाजत राहतं,
बराच वेळ.
मी नवीन जांभळं घेते,
आणि निमुळतं तोंड वर आहे ना, ते बघते.