कुरणातलं भोक
(आस्तुरियास, उत्तर स्पेन)

एतेल्विना गाईमागून, मी तिच्यामागून.
समुद्र अजून कुठेच नाही;
मका, दगडी बांध, नेचे.

"इथे काठी टेकू नकोस," ती म्हणते,
आणि पायाखालचा खडक
खोल श्वास ओढून घेतो.

भोक जेमतेम घागरीच्या तोंडाएवढं.
आधी घरघर, मग वारा,
मग खारं पाणी
सफरचंदाच्या झाडाहून उंच.
गाय मानही वर करत नाही.

नवरा होडीसकट गेला त्या हिवाळ्यात
हे तीन दिवस घुमत होतं.
गावानं मेणबत्त्या लावल्या.
हिनं वाळत घातलेले त्याचे सदरे
पुन्हा धुतले, गोड्या पाण्यात.

"पाहून घे. ओहोटी लागली
की नुसतं भोक."

मी ओठ चाटतो.
गाय खारं झालेलं गवत
चवीनं खात राहते.