हुरड्याची नोंद

चार दिवसांची रजा,
फोनमध्ये चौदाशे कॅलरींची हद्द.
सोलापुरात पहिल्याच सकाळी
कडक भाकरी, तिच्यावर तेल सुटलेली शेंगाचटणी.
'एक चमचा' असं लिहिलं मी.
केवढा चमचा, ते नाही लिहिलं.

दुपारी शेतावर.
आगटीतलं कणीस काढून
अंबव्वा तळहातावर चोळते, फुंकर मारते,
गरम दाणे माझ्या ओंजळीत ओतते.
फोनच्या यादीत हुरडा नाही.
कॉर्न आहे. क्विनोआसुद्धा आहे.

ती वाकून बघते. "काय मोजालीस गं?"
सांगितलं, तर हसली नाही.
रोजच्या हजार विड्या वळते ती,
कारखान्यात वीस-पंचवीस बाद करतात,
पुन्हा मोजायच्या.
"आज सुट्टी काढली बघ," म्हणाली,
"पण बोटं कुठं ऐकतात?"
आणि खरंच, बोलता बोलता
तिचा अंगठा तर्जनीवर
नसलेलं पान वळत होता.

सूर्य कलला. गूळ संपला, दही संपलं.
मी लिहिलं: कॉर्न, अर्धी वाटी.
खोटं.
पाच कणसं झाली असतील, किंवा नऊ.
अंबव्वाला नक्की आकडा ठाऊक असणार.
विचारलं नाही.