हातचा एक

मी घंटा वाजवतो.
एवढंच काम. जुलैतली एक रात्र, फ्लँडर्समधलं गाव,
कुंपणापलीकडे पॉप्लरची झाडं, अलीकडे बटाटे तळल्याचा वास,
आणि माझ्यापुढे खांबाला टांगलेली पितळी घंटा,
बंद पडलेल्या शाळेतून आणलेली.

दहा हजार मीटर. पंचवीस फेऱ्या.
शेजारी फ्राउके पाट्या उलटते: तेवीस, बावीस, एकवीस.
कोणीच धावत नाहीये.
म्हणजे धावतायत सगळे, अडुसष्ट सेकंदांची फेरी,
आपण एक धावलो तर गवतावर आडवे होऊ;
पण या वेगात ही माणसं हिशेब करतात.
प्रत्येकाने हातचा धरून ठेवलाय,
मुठीत, जिभेखाली, कुठे ते दिसत नाही.
शेवटच्या फेरीत मिळवायचा.
त्याआधी दाखवला तो हरला.

मांगुशोकडे हातचा नाही.
हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यालाही.
कापचोर्वाच्या चढांनी त्याला दम दिला, झेप दिली नाही.
म्हणून नऊची पाटी लागते
आणि तो निघतो.
त्रेसष्ट. बासष्ट. पुन्हा बासष्ट.
मागची रांग ताणत जाते, मग एकेक गळतो,
मान आधी वाकडी होते, मग पाय ऐकेनासे होतात.
चार उरल्या तेव्हा पाच जण.
दोन उरल्या तेव्हा तो, आणि मागे तोलेरा,
इतका जवळ की त्याच्या स्पाइक्सचा आवाज
वेगळा काढता येत नाही.

मी दोरी ओढतो.

तोलेरा हलत नाही.
समोरच्या सरळ पट्ट्यावर वारा अंगावर येतो,
तो मांगुशोच्या पाठीमागे बसून राहतो.
वळण येतं. अजूनही नाही.
बाहेरून वळण घेणं म्हणजे पावणेचार मीटर जादा,
आणि हा पोरगा मीटरही उधळत नाही.
ऐंशी मीटर उरले तेव्हा तो बाजूला सरकतो,
रांगेतल्या माणसाला ‘जरा येऊ द्या’ म्हणावं तसा,
आणि गेला.

एक्क्याऐंशी साली मी याच ट्रॅकवर धावलो.
माझ्याकडे हातचा होता. खराखुरा. बावन्नची फेरी होती पायांत.
घंटा झाली तेव्हा मी आतल्या कडेला कोंडलेला,
पुढे लीजचा एक धिप्पाड, उजवीकडे दोघं खांद्याला खांदा.
फट पडेल, पडेल, म्हणत
सातवा आलो.
धापसुद्धा लागली नव्हती.
घरी जाऊन जेवलो. मार्टाने विचारलं, धावलास ना?

मांगुशो माझ्या खांबापाशीच पडलाय.
ओठांवर पांढरं मीठ, एक बूट निम्मा सुटलेला.
दुसरा आला हे त्याला कुणी सांगायला नको.
तो डोळे न उघडता विचारतो,
शेवटची किती?
मी सांगतो, अठ्ठावन्न.
तो जरा हसतो. ‘एवढी कधीच नव्हती.’

तिकडे तोलेरा झेंडा शोधत फिरतोय,
फ्राउके पुढच्या शर्यतीच्या पाट्या लावतेय.
घंटा अजून गुणगुणतेय, बारीक,
कान लावला तरच कळेल इतकी.
मी तिच्यावर तळवा ठेवायला जातो
आणि ठेवत नाही.