शुद्धिपत्र

ध्वनिमुद्रण बांधणीच्या खोलीत केलं.
खळीचा वास, दोन गंजके शिकंजे,
आणि रावपुऱ्यातले हॉर्न आत येऊ नयेत म्हणून
जसुभाईंनी घरून आणून खिडकीला टांगलेली गोधडी.
तरी एक हॉर्न आलाच. राहू दिला.

सत्तावीस वर्षं या वाचनालयात
माझं वाक्य एकच : हळू बोला.
पोरांनी मला तेच नाव पाडलं, हळूबाई.
आता निवृत्तीला अकरा महिने उरले
तर विश्वस्त म्हणतात, बाई, बोला.
पॉडकास्ट की काय ते करा, महिन्याला दहा मिनिटं.
लोक पायरी चढत नाहीत, आपण त्यांच्या कानात उतरू.

बोलले.
पहिल्या भागात अनामत, दोन फोटो, विजेचं बिल.
दुसऱ्यात पान दुमडू नये,
तिथे मी जरा रागावलेली ऐकू येते.
तिसऱ्यात जसुभाई खोकतात
आणि गुजरातीतून माफी मागतात, तीही राहिली.

चौथा भाग : पुस्तक कसं शोधावं.
"दारातून नऊ पावलं सरळ या.
पंखा कुरकुरतो तिथे थांबा. उजवीकडे वळा.
चौथं कपाट, छातीच्या उंचीला हात न्या.
पाठीवरचा आकडा म्हणजे पत्ता.
आठशे एक्क्याण्णव ही गल्ली,
दशांश चार सहा हे आपलं मराठी घर.
शेजारी चार सात, गुजराती.
मधली भिंत पातळ आहे,
पुस्तकं चुकून इकडची तिकडे जाऊन बसतात,
बडोद्यात ते चालायचंच."

एकशे बेचाळीस जणांनी ऐकलं.
त्यातली तीसेक वेळा मीच,
नीट वाजतंय का बघायला.

परवा मंगळवारी, बंद करायच्या वेळी,
एकजण आला. नखांत ग्रीस.
काही विचारलं नाही.
ओठ हलत होते. पावलं मोजत होता.
नऊ. पंख्याखाली थांबला, वर पाहिलं,
जुनी ओळख निघावी तसा हसला.
उजवीकडे वळला. एक, दोन, तीन.
हात छातीच्या उंचीला नेला

आणि भिंत.
कपाटाच्या आकाराचा पांढरा चौकोन, वर एक खिळा.

वाळवी लागली म्हणून जुलैत कपाट हलवलं होतं.
सगळ्यांना सांगितलं,
सफाईवाल्या मंजुबेनलासुद्धा.
कानांना सांगायचं राहून गेलं.

मी म्हटलं, "काय हवंय?"
तो वळला. मी एवढंच बोलले होते,
तरी म्हणाला, "तुम्हीच ना?"
प्रल्हाद तावरे. मकरपुऱ्याला बेअरिंगचा कारखाना, रात्रपाळी.
दोनच्या सुट्टीत ऐकतो म्हणाला,
डब्यातला थंड भात आणि तुम्ही.
वाचनालयात कधी पाय ठेवला नव्हता,
पण कपाटं पाठ झाली होती, घरची मांडणी असावी तशी.

"पुस्तक कोणतं पाहिजे?"
तो बराच वेळ भिंतीकडेच बघत राहिला.
"ते पाचव्या भागात सांगणार होता ना तुम्ही."

पाचवा भाग केलाच नव्हता.
पत्ता कसा वाचायचा ते मला येतं.
कुणाच्या घरी जायचं आहे
हे माणसाला कसं कळतं,
त्याला नऊ पावलांसारखं मोजमाप मी शोधलं नव्हतं.

जसुभाईंनी किल्ल्यांचा जुडगा वाजवला.
मी म्हटलं, थांबा थोडं.
दोघांच्या मध्ये स्टूल ठेवून बसलो,
चार सहा आणि चार सात यांच्या बोळात.
त्यानं एक काढलं, पहिलं पान वाचलं, परत ठेवलं.
दुसरं काढलं. ठेवलं.
तिसरं उलटं ठेवलं, मी सरळ केलं नाही.
साडेआठला त्याची बस होती.
रिकाम्या हातानं गेला,
सोमवारी सुट्टी असते, येतो म्हणाला.
सोमवारी आम्हीही बंद असतो.
हे पहिल्या भागात सांगितलं आहे, तरीही.

आज गोधडी पुन्हा टांगली.
लाल दिवा लागला.
घसा खाकरला, तोही आत गेला असेल.

"शुद्धिपत्र.
चौथ्या भागात उजवीकडे असं म्हटलं आहे,
तिथे डावीकडे असं वाचावं.
म्हणजे, ऐकावं.
खिडकीजवळ, चौथं नाही, दुसरं कपाट.
पुढच्या सोमवारी वाचनालय
संध्याकाळी सहा ते आठ उघडं राहील.
कारण विचारू नये.
हळू बोलण्याची गरज नाही."