हाय

मेणात बुडवलेली गाठ, चार वर्षं जुनी.
ठोकळ्यावर नाव नाही, नुसता आकडा: सत्तेचाळीस.
मी तिच्यातून नखाच्या सालीएवढा काप घेते,
मेण विरघळवते, नळी बर्फात धरते
आणि शोधते असा एक आरएनए
ज्यातून काहीच बनत नाही.

प्रथिन नाही म्हणून काम नाही,
काम नाही म्हणून कचरा,
असं आमच्या जुन्या नोट्समध्ये होतं.
मला तेव्हाही पटलं नव्हतं.
माझे नायना साखर पेठेत जेकार्डची कार्डं ठोकायचे.
मोर कुठे, ते भोक सांगतं.
आणि भोक नसलेली जागा, म्हणायचे,
सुताला सांगते, तू खालीच राहा.
चादर तीही विणते.

मशीनच्या चाळीस फेऱ्या.
जे जास्त असतं ते लवकर उजळतं,
हा उलटा हिशेब अजूनही
मला बोटांवर करून बघावा लागतो.
सत्तेचाळीसची रेघ एकविसाव्या फेरीलाच उठली.
सर म्हणाले, हाय.
आणि चहा मागवला.

हाय म्हणजे आलेखातली खालची रेघ.
अंडाशयाचा कर्करोग झालेल्या एकशे बारा बायका
आम्ही दोन जिन्यांवर उभ्या केल्यात.
एक जिना सावकाश उतरतो, एक भराभर.
कुणी गेलं की एक पायरी.
आणि जिचा पुढे पत्ताच नाही,
फोन बंद, घर बदललं,
किंवा तपासणीला यायला रिक्षाचं भाडं नव्हतं,
तिच्यासाठी रेघेवर एक बारीक उभी खूण,
कुणी जिन्यात जरा टेकल्यासारखी.

सत्तेचाळीसची खूण एकोणीस महिन्यांवर होती.
नावांची यादी माझ्या कपाटात असते.
नरसव्वा इराबत्ती. विडी घरकुल. मुलाचा नंबर लागत नाही.

रविवारी गेले.
दोन गल्ल्या चुकले, तिसरीत कुत्रं अंगावर आलं.
ती दारातच, मांडीवर सूप,
कात्रीनं तेंदूचं पान कापत.
केस परत आलेले, पण कुरळे.
आधी सरळ होते म्हणे.
बऱ्या आहात ना, मी विचारलं.
"हाय की," ती म्हणाली.
"बस. काय लिव्हालालीस?"
मी लिहिलं होतं, जिवंत, आणि तारीख.

"माझ्या गाठीतनं काय निघालं?"

हे सांगायचं नसतं.
अभ्यास कच्चा आहे. एका बाईबद्दल
तो काहीच बोलू शकत नाही,
एकशे बारांबद्दल बोलतो, तेही चाचरत.
मी इतकंच म्हणाले, पेशीत एक निरोप असतो,
त्यातून काही तयार होत नाही, तरी...
"म्हंजे आमच्या चेकरगत," ती म्हणाली.
"एक विडी वळत नाय मुडदा,
पन हजारातल्या किती धरायच्या न् किती छाट
ते त्योच ठरिवतो."

मला हसू आलं. मग राहवेना,
म्हणाले, ठरवतोच असं नाही मावशी,
कदाचित नुसता तिथं हजर असतो.
"त्योबी असंच म्हनतो."

पंचवीसची जुडी बांधून
तिनं निळा दोरा दातानं तोडला.
किती दिवस, हे तिनं विचारलं नाही.
निघताना विचारलं, तुमच्या लॅबला
पोरीबाळी लावून घेतात का,
नात बारावीला हाय, सायन्सला.

सोमवारी मी ती उभी खूण पुसली
आणि तिच्यापुढे सत्तावीस महिने जोडले.
खालचा जिना एका बाईपुरता
जरासा सपाट झाला.
सर स्क्रीनकडे बघत राहिले.
फरक आता तेवढा ठळक राहिला नाही, म्हणाले.

नाही राहिला, मी म्हणाले,
आणि या वेळी चहा मी मागवला.